मधल्या सुट्टीची वैरीण

माझी धाकटी जाऊ मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. तोंडाची फटकळ. घरात कुणाचे गुडघे कुरकुरले की औषधाऐवजी हुकूम सोडते, "कण्हत बसू नका, पाय उचला!" सासूबाईसुद्धा तिला टरकून असतात.

नशीब असं, की मी गणित शिकवते त्याच शाळेत ती फिजिओथेरपिस्ट म्हणून येते. जागा मिळाली जिन्याखालच्या अडगळीत, मोडक्या बाकांशेजारी. आणि वेळ? आपला तास सोडायला एकही शिक्षक तयार होईना. मीही नाही, परीक्षा तोंडावर होती. मग तिला मधली सुट्टी दिली.

माझ्याच तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीचे पाय जन्मापासून ताठ. स्नायू नेमाने ताणले नाहीत तर टाचा टेकायच्याच बंद होतात. बाकीच्या मुली डबे उघडून खिदळत, तेव्हा ही जिन्याखाली चटईवर किंचाळत असायची. एकही मैत्रीण उरली नव्हती. जावेला ती तोंडावर राक्षसीण म्हणायची. परवा तर तिने जावेच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

मुख्याध्यापिकाबाईंना तेवढंच हवं होतं. अशी मुलं त्यांना शाळेत मुळातच नको होती. त्यांनी मुलीला आणि तिच्या आईला समोर उभं केलं, आम्हा दोघींनाही बोलावलं.

"तुम्ही फक्त तक्रार करा," त्या जावेला म्हणाल्या. "उद्यापासून हिला घरी बसवते."

आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"चावणारच ती!" जाऊ कडाडली. "रोज तिच्या तोंडचा घास काढून मी तिचे पाय ओढते. तुमच्या जेवणाच्या वेळी मी तुमचे ओढले, तर तुम्हीही चावाल. तक्रार करते ना, वरच्या ऑफिसात, पण तुमची! मला सुट्टी नको, गणिताचा तास हवा. वहिनी, देताय ना?"

सगळ्यांसमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती आई माझ्याकडे बघत होती.

"घे," मी म्हटलं. "बुडालेलं गणित शाळा सुटल्यावर शिकवीन."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. "बरं, बदला तास," त्या पुटपुटल्या.

आईने डोळे टिपत लेकीला जवळ ओढलं. "ऐकलंस ना? तू शाळेतच राहणार."

"आणि ही?" मुलीने जावेकडे बोट दाखवलं.

"मी पण," जाऊ म्हणाली.

त्यावर कार्टीने असं भोकाड पसरलं, की शेजारच्या वर्गातली पोरं धावत दाराशी आली.