पाडणाऱ्याच्या हातचं जेवण

निघताना ताईने बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या बॅगेत ठेवला. "मुलगा पसंत पडला तरच उघड, नाहीतर तसाच परत आण. आणि फोनवर काही सांगू नकोस, फोनवर सगळेच चांगले असतात." तिची थोरली मुलगी, सुनंदा, नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली. दुधाने तोंड पोळलेली माझी ताई ताकही फुंकून पिते, आणि धाकट्या मुक्ताने शिकागोत निवडलेला फिन्टन तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातून रग्बी खेळलेला. माणसांना आडवं पाडणं हाच त्याचा धंदा.

शिकागोत मुक्ताबरोबर डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांमधून फिरून आम्ही डोसे खायला बसलो. तिथे तो आला. दाराएवढा माणूस, कान आपल्या जुन्या पैलवानांसारखे चुरगळलेले. "नमस्कार, मावशी," म्हणाला. लहानपणी गायींचं दूध काढून शाळेत जायचा. पहिल्यांदा देशाची हिरवी जर्सी घातली तेव्हा आईने सामनाभर डोळे मिटून घेतले होते. पुढे अमेरिकेशी खेळायला इथे आला आणि गुडघा मोडला. संघातली जागा गेली, तेव्हा इथल्याच क्लबात शिकवायला राहिला. बोलायला गोड होता. थोरला जावईही गोडच बोलायचा.

शनिवारी त्याच्या क्लबात जुन्या खेळाडूंचा सामना होता. शहराला लागून असलेल्या मोठ्या तळ्यावरचा वारा हाडांत शिरत होता. फिन्टनने एका टकल्या खेळाडूला टॅकल केलं (कमरेला मिठी मारून पाडलं). तो बराच वेळ उठेना. मी पर्स उचलली.

"चल मुक्ता. बघून झालं माझं."

"मावशी, प्लीज, मॅच संपेपर्यंत वेट कर ना. मग काय ते डिसाइड कर."

यजमान संघाने सामन्यानंतर पाहुण्यांना जेवू घालायचं, असा या खेळातला रिवाज. फिन्टनने टकल्याला खुर्चीत बसवलं, ताट वाढून आणलं आणि स्वतः लंगडत इतरांना वाढू लागला.

मी टकल्याला विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"मला? त्याचा गुडघा मोडला तो माझ्याच टॅकलमध्ये. हॉस्पिटलात माफी मागायला गेलो, तर स्वतःच्या ट्रेमधलं मला खायला घातलं त्याने. तेव्हापासून ओळखतो. शिट्टी वाजल्यानंतर त्याने कुणावर हात उगारलेला मी पाहिला नाही."

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच डबा उघडून पहिला लाडू मी फिन्टनच्या हातावर ठेवला. त्याने सवयीने तो टकल्याच्या ताटात वाढला. सोयरीक ठरल्याचा पहिला घास असा परक्याच्या तोंडी गेला, आणि मला हसूच आलं. बाकीचे लाडू तिथल्या धिप्पाड लोकांनी संपवले.

घरी आले तेव्हा ताईने पाणीसुद्धा विचारलं नाही. बॅगेतून डबा काढून हलवला. काहीच वाजलं नाही. ती पायरीवर बसून रडायला लागली, मग मीही रडले. आतून सुनंदा आली. तिने आईच्या हातातून डबा घेतला आणि झाकण उघडून, तो खरंच रिकामा आहे ना, हे स्वतः बघितलं.