कोपरा फाटलेलं कार्ड

माझ्या सासूबाई, यमुनाबाई, तोंडाने कमी बोलायच्या आणि वस्तूंनी जास्त. मी लग्न होऊन देवासहून हाटपिपल्याला आले, तेव्हा पहिले सहा महिने मला त्यांची भाषाच कळेना. भाजीत मीठ जास्त पडलं की एक शब्द नाही, पण दुसऱ्या दिवशी मिठाची बरणी फळीवरून माझ्या पाटाशेजारी येऊन बसायची. शरदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शाळेतून यायला उशीर झाला की त्याचं ताट पालथं घातलेलं असायचं. मला या सगळ्याचा भारी राग यायचा. सरळ दोन शब्द बोलायला काय होतं माणसाला?

त्यांचे धाकटे भाऊ बापूमामा अमझेऱ्याला एकटेच राहायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. तेही त्याच मुशीतले. आमच्या लग्नाच्या वेळी सासरे आजारी होते, म्हणून सासूबाईंनी मामांना अक्षत पोस्टाने पाठवली. सख्ख्या मामाला अक्षत हातात नेऊन द्यायची असते, त्याशिवाय तो येत नाही. मामांनी पाकीट न फोडता तसंच परत पाठवलं आणि लग्नाला आले नाहीत. त्यावर सासूबाई दर वर्षी राखी पाठवत राहिल्या. राखी परत आली नाही, पण उत्तरही आलं नाही. त्याला आठ वर्षं झाली. एवढ्या काळात त्यांना मनातून एकच गोष्ट हवी होती. बापूने एकदा ‘ये’ म्हणावं. त्या कधी बोलल्या नाहीत, पण डाकियाची सायकल वाजली की त्या हातातलं काम टाकून ओट्यावर जायच्या.

शहाण्णव सालच्या श्रावणात एका सकाळी मी बाजारात गेले होते. शरद शाळेत, सासूबाई घरी एकट्या. डाकियाने कार्ड हातात दिलं आणि मान खाली घातली. कार्डाचा एक कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडे कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणी तरी गेलं. ते उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. दारातच वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. सासूबाईंचा चष्मा आत देवघरात होता. कार्ड आत नेता येईना आणि ते हातात घेतल्यावर अंघोळीशिवाय स्वतःलाही आत जाता येईना. त्यांनी डाकियाला एवढंच विचारलं, “किधर से आया, भिया?”

“अमझेरा से, माँजी.”

अमझेऱ्यात त्यांचं दुसरं होतं कोण? त्यांनी कार्डाचे तुकडे करून नालीत सोडले. मी परतले तेव्हा त्या अंगणातल्या नळाखाली नेसत्या लुगड्यानिशी बसल्या होत्या. “बापू गेला,” एवढंच म्हणाल्या. कार्डात लिहिलं काय होतं, हे मीही विचारलं नाही. एरवी कुणाचीही चिठ्ठी दोनदा वाचणारी मी! याची लाज मला आजही वाटते.

शरद म्हणाला, “आई, उद्याच निघू.” त्या ऐकेनात. “ज्यानं जिवंतपणी बोलावलं नाही, त्याच्या दारात आता कुणासाठी जाऊ?” तीन दिवस सुतक पाळलं. रडल्या मात्र नाहीत. नवव्या दिवशी सकाळी स्वतःच पिशवी भरून उभ्या राहिल्या. कार्ड यायला चार दिवस लागले असतील, म्हणजे आज तेरावा, असा त्यांचा हिशेब. “त्याच्या नावाचं पान कुणी तरी वाढायला हवं,” म्हणाल्या. शरदला रजा मिळेना, म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले. इंदूर, धार असं करत अमझेऱ्याला पोचेपर्यंत दुपार झाली.

मामांचं दार उघडं होतं. आत एक तरुण बाई झाडत होती. लतिका, शेजारची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेली. सासूबाईंना पाहून तिच्या हातातला झाडू गळून पडला.

“तुम्ही यमूताई ना? परवा सकाळी गेले हो बापू. दोन दिवस आधी आला असतात तर!”

परवा? मला वाटलं ही बाई काही तरी गोंधळ करतेय. पण ती सांगत राहिली. मामांना हात उचलवत नव्हता, म्हणून कार्ड तिनेच लिहिलं होतं. त्यांनी सांगितलं तेवढंच. ‘यमू, अक्षत परत करायला नको होती. मी आजारी आहे. ये.’ मग रोज दुपारची बस वाजली की ते विचारायचे, कुणी उतरलं का बघ.

“कार्ड मिळालं होतं ना?” लतिकाने विचारलं. “शाई सांडून एका कोपऱ्याला मोठा डाग पडला होता. बरं दिसेना, म्हणून मी तेवढा कोपरा फाडून टाकला. पत्ता तर नीट होता.”

आमची रीत तिला ठाऊकच नव्हती. माझं डोकं सणकलं. हिला सांगावं, बाई, तू काय करून बसलीस! मी तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

“मिळालं, बाळ,” त्या लतिकाला म्हणाल्या. “अक्षर छान आहे तुझं. मलाच निघायला उशीर झाला.”

परतीच्या बसमध्ये धार येईपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग एकदम माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदा रडल्या, अगदी मोठ्याने, भर बसमध्ये.

“मी त्याच्या नावानं अंघोळ केली ना शैला, त्यानंतर तो सात दिवस होता गं. सात दिवस तो बस बघत होता आणि मी घरी बसून, बोलावलं नाही म्हणून त्याच्यावर रुसले होते.”