नाना आणि चालू मशीन

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाकडं येतं, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण नानांबद्दल लिहून ठेवायचं आहे.

जळगावच्या एका डाळमिलमध्ये आम्ही बारा बाया डाळ निवडायला होतो. सकाळी कंप्यूटरची खोली झाडायचं काम माझ्याकडे. ती मशीन नाना सांभाळायचे. मूळचे धुळ्याकडचे. डिस्कच्या आत थेट बघायचं झालं की आधी सगळ्या कारकुनांना खुर्च्यांवरून उठवत, डिस्कचं काम थांबवत, मगच बघत. एकदा मी झाडू धरून बघत राहिले, तर म्हणाले, "माय, मुकादम दारात मोजतो आणि चहा पिऊन मग वहीत लिहितो ना? हीपण तशीच. थोडं डोक्यात धरते, मग डिस्कवर लिहिते. मधेच वही उघडली तर अर्धीच दिसणार. त्यात आपण काही लिहिलं, तर ती त्याच्यावरून तिचं लिहिणार."

त्या वर्षी ज्यांची हजेरी पुरी भरेल त्या बाया कायम होणार होत्या. हजेरी मशीनमध्येच असायची. यादीत आमचे दिवस कमी दिसले. मॅनेजर साहेब म्हणाले, "ट्रक उभे आहेत. बिलं थांबवू नका, चालू ठेवूनच बघा."

"नुसतं बघतो," नाना म्हणाले. आत हजेरीच्या मधे रिकामी जागा दिसली. ती त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केली. थोड्या वेळाने मशीनने डोक्यातलं त्याच्यावर लिहिलं, आणि वर्षाची हजेरी वाचता येईना. नक्कल म्हणून जपून ठेवलेली टेपही जुनी निघाली.

"मशीन बिघडली म्हणा," साहेब म्हणाले. "बायांना काय कळतं."

नाना आमच्या शेडमध्ये आले. "मशीन चांगली शे. चालूमध्ये मीच हात घातला. हाई बठ्ठी मनी चूक शे." सगळी चूक त्यांनी स्वतःवर घेतली.

आमच्यातली कमलबाई म्हणाली, "चालत्या गिरणीत आम्ही अडाणीसुद्धा हात घालत नाही, नाना."

"खरं शे, माय."

बाया सांगतील ते लिहायचं आणि खाली नानांनी सही करायची, एवढं त्यांनी साहेबांकडून कबूल करून घेतलं. पोत्यावर बसून ते एकेकीला खाडे विचारू लागले. माझी पाळी शेवटी आली. आई आजारी होती तेव्हा मी माहेरी एदलाबादला राहिले होते. ते दिवस कुणाच्याच लक्षात नव्हते. मी सांगितले. माझी हजेरी भरली नाही.

नाना हळूच म्हणाले, "हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, माय."

मी खाली बघत म्हणाले, "मग तुम्ही तरी कशाला सांगितलं?"

त्यांनी मी सांगितलं तेवढंच लिहिलं आणि सही केली.

अकरा जणी कायम झाल्या. मी पुढच्या वर्षी झाले. तोवर नाना नोकरी सोडून धुळ्याला गेले होते.