बारा ते चार

पनवेलहून पळस्प्याकडे निघालं की रस्त्यालगत एक पांढरा दुमजली बंगला लागतो. कागदोपत्री तो प्रणितचा, पण त्यातली उशीसुद्धा त्याच्या बायकोला, मोनालीला, विचारल्याशिवाय कूस बदलत नाही. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर पाच उश्या आहेत, त्यातली मधली कोपऱ्यावर उभी. कुणी टेकून ती आडवी केली तर मोनाली चकार शब्द बोलत नाही. पाहुणा उठला की जाते आणि उशी पुन्हा उभी करून येते.

तिला नावं ठेवणं सोपं आहे. मैत्रिणी ठेवतातही, आणि मग तिच्याचकडे जेवायला येतात. पण तिचं लहानपण ठाऊक असलेला माणूस जरा सबुरीने बोलेल. ती वाढली कळंबोलीत, दोन खोल्यांत, पाच माणसांत. वडील लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून. अंथरुणं घातली की मोरीकडे जायला वाट उरायची नाही. पाहुणा आला की आई हसून पाणी द्यायची आणि रिकामा पेला हातात घेताना विचारायची, "मग, कितीची गाडी आहे?" बिचारीच्या मनात वाईट काही नसायचं, घरात जागाच नव्हती. पण पाहुण्याचा चेहरा क्षणभर उतरायचा तो मोनालीला दिसायचा, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपलं घर झालं की माणसाला असं बसवायचं, असं वाढायचं, की त्याने वर्षभर नाव काढलं पाहिजे, हे तिने दहाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

पनवेलच्या कॉलेजात प्रणित भेटला. आगरी घरातला, शेती गेलेली, मग डंपरचा धंदा सुरू केलेला, मनाने मोकळा. लग्न झालं, बंगला झाला, आणि मोनालीने हौस फेडायला सुरुवात केली. नवरात्रात रोजच्या रंगाचे टेबलक्लॉथ, नाताळात केक, मुलांच्या वाढदिवसाला दारापासून गच्चीपर्यंत सजावट. सगळं स्वतःच्या हाताने करायची, उगाच कशाला खोटं बोला. लोक फोटो काढायचे आणि ती दारात उभी राहून कुणी रिकाम्या हाताने तर बसलं नाही ना, ते बघत असायची.

या घरात फक्त एक माणूस असं होतं ज्याला पाहुणा म्हणता येत नव्हतं. प्रणितची थोरली बहीण गुणाबाई. घरात सगळे तिला बाय म्हणत. प्रणित सहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा बायनेच त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. मग ती उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावात, मिठागरवाल्यांच्या घरी नांदायला गेली. तेव्हापासून दर मे महिन्यात माहेरहून कुणीतरी तिला आणायला जायचं. आधी वडील जात, ते गेल्यावर प्रणित. त्याला मूळ जाणं म्हणतात. मूळ आल्याशिवाय बाय कधी उंबरा ओलांडायची नाही, आणि एकदा आली की पंधरा दिवस हलायची नाही.

ती यायची तीही एकटी नाही. बरोबर पोतं असायचं. पावसाळ्याच्या चार महिन्यांची आगोट: सुकट, बोंबील, वाकट्या, आंबोशी, पुरचुंडीत घरचं मीठ, आणि वर पानांत गुंडाळलेले ताडगोळे. आल्या आल्या दिवाणखान्याच्या मधोमध वर्तमानपत्र पसरायची, पाय लांब करायची आणि सुकट निवडायला बसायची. मनस्वी, मोनालीची धाकटी, तिच्या मांडीला टेकून गोष्टी ऐकायची. मधली उशी बायच्या कमरेखाली जायची. वास पडद्यांत शिरायचा, तो पार वटपौर्णिमेपर्यंत निघायचा नाही. मोनाली तोंडाने "बाय, बसा, बसा" म्हणायची आणि मनात खिडक्या मोजायची. बायचा तिला राग नव्हता, उलट माया होती. फक्त तेवढे पंधरा दिवस घर आपलं वाटायचं नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मोनालीने गच्चीवर उन्हाळी मेजवानी करायची ठरवलं. मैत्रिणी, प्रणितचे धंद्यातले दोस्त, त्यांची मुलं, मिळून वीस माणसं. सगळं आंब्याच्या रंगात आणि पांढऱ्यात. बरण्यांमधून पन्हं, त्यात कागदाची नळी. नॅपकिनला मोगऱ्याचा छोटा गजरा. प्रत्येक खुर्चीपुढे नावाची पाटी. आणि आमंत्रणाची कार्डं तिने स्वतः कॉम्प्युटरवर बनवली.

"रविवारी मी बायला आणायला जातो," प्रणित म्हणाला.

"तुला त्या आठवड्यात श्वास घ्यायला तरी वेळ आहे का?" मोनाली म्हणाली. "मी त्यांना कार्ड पाठवते. बाकीच्यांना मोबाईलवर, त्यांना छापून, कुरियरने. मानाने बोलावूया ना एकदा."

प्रणितच्या दोन गाड्या बंद पडल्या होत्या. त्याने मान हलवली. चूक तशी दोघांची. पण कार्ड मोनालीने लिहिलं. जाड कागद, कडेला आंब्याची पानं, वर 'सौ. गुणाबाई काशिराम' असं वळणदार अक्षरात. खाली तारीख, पत्ता, आणि सगळ्यांच्या कार्डावर होती तीच ओळ: 'वेळ: दुपारी १२ ते ४'.

त्या दिवशी बाराला पाच मिनिटं असताना दारात रिक्षा थांबली. बाय एसटीने पनवेल स्टँडला उतरून एकटीच आली होती. अंगावर ठेवणीतलं रेशमी पातळ. हातात पोतं नव्हतं. चकचकीत कागदात गुंडाळलेला खोका होता, त्यात काचेच्या सहा वाट्या. मोनालीला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं तिला आजही आठवतं आणि स्वतःची लाज वाटते.

बाय आपल्या नावाच्या पाटीपुढे बसली. शेजारणीचं बघून नॅपकिन मांडीवर घेतला. काट्याने खाल्लं. "लय छान केलंस गो," असं दोनदा म्हणाली. मनस्वी येऊन बिलगली तेव्हा तिने तिचे केस सारखे केले आणि हळूच विचारलं, "किती वाजलं गो बाला?" चार वाजले तशी ती उठली. मोनालीच्या हातात आइस्क्रीमचा ट्रे होता. "येतंय मी," बाय म्हणाली. मोनालीने ट्रे खाली न ठेवताच मान लववली. किती समजूतदार बाई आहे, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

सकाळपासून बंद पडलेल्या डंपरमागे गेलेला प्रणित पाच वाजता आला. "बाय कुठाय?"

"गेल्या."

"गेली म्हणजे?" तो जिन्यातच उभा राहिला. मग मागच्या खोलीत गेला, जिथे बाय दरवर्षी उतरायची. तिथे पाहुण्यांच्या पर्सा ठेवल्या होत्या. त्या रात्री तो जेवला नाही, म्हणाला ऊन लागलंय.

जूनमध्ये स्वयंपाकघरातले सुक्या मासळीचे डबे पहिल्यांदाच रिकामे राहिले. मोनालीने बाजारातून सुकट आणली. मनस्वीने ताट सरकवलं. "आत्याची नाहीये ही," म्हणाली. तेव्हा मोनालीच्या मनात पहिल्यांदा काहीतरी हललं, पण तिने ते दाबलं.

दाबलेलं वर काढलं बायच्या नवऱ्याने, काशिरामदाजींनी. डिसेंबरात नात्यातल्या एका हळदीला ते भेटले. बाय आली नव्हती. दाजींनी चहा बशीत ओतला आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "औंदा पोतं दारात भरून ठेवलेलं हिनं. पंदरा दिस. प्रणित येल, प्रणित येल. मंग तुमचं कार्ड आलं. त्यो कुरियरचा पोऱ्या गेला तसं तिनं पोतं सोडलं आनि सगलं शेजाऱ्यांना वाटून टाकलं."

"का?" मोनालीने विचारलं. खरोखरच तिला कळलं नव्हतं.

"मी पन तेच बोल्लो. तर बोल्ली, चार वाजता निगायचं हाय, पोतं नेऊन काय करू?"

हळदीत बेंजो वाजत होता आणि बाया नाचत होत्या. मोनालीच्या कानात आईचा आवाज होता. कितीची गाडी आहे? जन्मभर ज्या प्रश्नापासून ती पळत आली, तोच तिने जाड कागदावर छापून, कुरियरचं पाकीट चिकटवून, नवऱ्याला आईच्या जागी असलेल्या बाईला पाठवला होता.

या वर्षी अक्षय्य तृतीयेला प्रणित स्वतः मूळ गेला. एकटाच परत आला. "बघू म्हणाली," एवढंच बोलला. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात मोनाली मनस्वीला घेऊन निघाली. गाडीची डिकी तिने मुद्दाम रिकामी केली होती, पोत्यासाठी.

बाय दारातच उभी होती. हसली, मनस्वीचा मुका घेतला, आणि मोनाली सवयीने स्वयंपाकघराकडे वळली तशी तिला हाताला धरून बाहेर आणलं. "इकरं बस गो, पंख्याखाली." प्लॅस्टिकच्या नव्या खुर्चीवर धुतलेला टॉवेल घातलेला होता. पाणी काचेच्या पेल्यात आलं, पेल्याखाली बशी. जेवायला बायने टेबल मांडलं होतं, शेजारून आणलेलं. स्वतः बसली नाही, वाढत राहिली. दरवर्षी जी बाई भाकरी थापता थापता मोनालीच्या ताटातला बोंबील उचलून तोंडात टाकायची, ती आज "आनखी घे, लाजू नको" म्हणत होती. देवघराच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, ते कार्ड उभं करून ठेवलेलं होतं.

मोनालीने ताट बाजूला सारलं.

"बाय, मी मूळ आलेय," ती म्हणाली. "चला ना घरी. पंधरा दिवस नाही, महिनाभर राहा. माझं चुकलं. मला नव्हतं कळलं."

"चुकलं कसलं गो?" बाय खरंच गोंधळली. "एवरं चांगलं कार्ड. आमच्या गावात कुनाला आलं नाय तसं. मी सगल्यांना दावलं."

"तुम्ही रागावला आहात."

"राग असता तं आले नसते का भांडायला?" बाय तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "तसं नाय. तुजं घर बगलं मी त्या दिशी. किती नीट, किती सुंदर. माज्या ध्यानातच आलं नव्हतं इतकी वर्सं. मी तितं मधोमध सुकट घेऊन बसायची, आनि तू काय बोलायची नाय. तुला किती तरास झाला आसल गो. आता मला कळतं कसं जायचं, कसं बसायचं. येईन ना, तू बोलीव. बोलावशील तवा येईन."

शिवी दिली असती तर मोनालीने पाय धरले असते. बायने तर तिचीच माफी मागितली होती. मनस्वी "आत्या, चल ना" म्हणून पदर ओढत होती आणि बाय हसत पदर सोडवून घेत होती.

निघताना मोनालीने धीर करून सुकट मागितली. बाय आत गेली. बाहेर आली ती प्लॅस्टिकचा डबा घेऊन. डब्याला चिकटपट्टी, त्यावर एक पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी, गाठ मारून. "बिलकुल वास येनार नाय," ती अभिमानाने म्हणाली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घाईने करंडा आणला, मोनालीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. "चार वाजलं गो. नीग आता, उशीर नको."

रिकामी डिकी घेऊन मोनाली परत आली. घरात शिरली, चपला काढल्या, आणि दिवाणखान्याच्या मधोमध वर्तमानपत्र पसरून खाली बसली. गाठी सोडल्या, चिकटपट्टी नखाने उचकटली, डबा उपडा केला. मधली उशी ओढून पाठीमागे घेतली. तिला सुकट निवडता येत नव्हती, कधी शिकलीच नव्हती. मनस्वीने दोन-चार वेळा दाखवलं. खिडक्या बंद होत्या. हळूहळू वास पडद्यांपर्यंत पोचला.

सात वाजता फाटक वाजलं. प्रणित पायऱ्या चढून आला, दाराशी थबकला, आणि बूट काढायचे सोडून पोरासारखा ओरडला,

"बाय आयली?"

मोनाली सुकट निवडत राहिली.