काटा लालवर आणि अण्णा गप्प

गेल्या रविवारी, भर मे महिन्यात, गाडीचा हीटर फुल लावून आम्ही नगरहून जामखेडला गेलो... हसू नका, आधी ऐका.

महिन्यापूर्वी आमच्या वीस वर्षांच्या जीपचा पाण्याचा पाइप फुटला आणि इंजिन तापून गाडी भर रस्त्यात उभी राहिली. पाइप बदलला, नवं कूलंट भरलं, पण माझ्या मनातली भीती जाईना. तेव्हापासून मी रस्त्यापेक्षा टेम्परेचरच्या काट्याकडेच जास्त बघतो.

रविवारी जामखेडला माझ्या भाचीचं, प्राजूचं लग्न होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा आणि मी तिचा एकुलता एक मामा... नवरीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकांना तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मामाचा मान. मी पोचलो नाही तर पोरगी मांडवात येणार कुणाबरोबर?

शेजारी बायको मनीषा आणि मागे सासरे, म्हणजे अण्णा. अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. माणूस मुळात अबोल, त्यात जावयासमोर तर फारच मोजकं बोलतात. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी मला 'तुमी' आणि 'पाव्हनं'च म्हणतात.

चिचोंडी पाटील मागे टाकलं आणि काट्याने एकदम लालवर उडी मारली. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास एका बाभळीखाली थांबलो.

काटा खाली आल्यावर निघालो, तेव्हा कुणीतरी सांगितलेलं आठवलं... हीटर लावला की इंजिनातली उष्णता बाहेर ओढली जाते. लावला! कडा गाव येईपर्यंत मनीषाचा मेकअप उतरला होता. अण्णांचा कडक इस्त्रीचा सदरा घामाने अंगाला चिकटला, पण तोंडातून ब्र नाही.

कड्याच्या पुढे काटा पुन्हा लालवर. साडेअकरा वाजलेले, ताईचे फोनवर फोन. पुढे गेलो तर इंजिन जाम होईल आणि थांबलो तर मुहूर्त टळेल... बॉनेट उघडून मी नुसता उभा होतो. खरं सांगतो, रडायचाच बाकी होतो.

"अण्णा, तुम्ही तरी बघा ना," मनीषा म्हणाली.

"गाडी पाव्हन्यांची हाय. आपन कशाला बोलायचं?"

आता मात्र ती चिडली. "तिकडं मामावाचून लग्न खोळंबलंय, आणि तुमचं हे काय चाललंय?"

तेव्हा कुठे अण्णा पुढे आले. बाटलीतलं पाणी हातावर घेतलं आणि इंजिनावर शिंपडलं, भाकरी टाकायच्या आधी तव्यावर शिंपडतात तसं. मी चर्र आवाजाची वाट बघत होतो. पाणी आपलं निवांत ओघळून गेलं.

"काय बी तापल्यालं न्हाई. मला तर बाभळीखालीच वाटलं हुतं," अण्णा म्हणाले. "पानी असं एका झटक्यात तापतं व्हय? आमच्या बॉयलरला पान्याची पातळी दावनाऱ्या दोन काचा असत्यात, पाव्हनं. एक खोटं बोलली तर दुसरी खरं सांगती. तुमच्याकडं एकच काटा... त्या एकट्याचं किती ऐकायचं?"

त्यांनी इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. आता इंजिनाकडून काट्याला काही निरोपच जात नव्हता, तरी पठ्ठ्या लालवर! म्हणजे घोळ वायरमध्ये किंवा काट्यात.

अण्णा वायरीवरून बोट फिरवत गेले. नवा पाइप बसवताना ती क्लॅम्पखाली दबली होती. वरचं आवरण फाटून आतली तार लोखंडाला टेकत होती. खड्डा आला की तार टेकायची आणि काटा उडी मारायचा... आणि आम्ही आत उकडत बसलो होतो. तार सोडवून काळी टेप गुंडाळली, वायर परत जोडली, इंजिन सुरू केलं. काटा मध्यावर, अगदी शहाण्यासारखा.

साडेबाराला कार्यालयात पोचलो. प्राजू मुंडावळ्या बांधून खोलीच्या दारातच उभी होती, डोळे भरलेले. मला बघून जी हसली ना... तिचा हात धरून मांडवाकडे निघालो तेव्हा माझेही डोळे भरून आले.

परतताना अण्णांना आग्रहाने पुढच्या सीटवर बसवलं. म्हटलं, "आधीच कळलं होतं, तर एवढा हीटर का सोसलात? यापुढे माझं चुकलं की सरळ बोलायचं."

आष्टी आली आणि एकदम...

"आरं, क्लचवरनं पाय काढ की! झोपायला ठिवलाय व्हय त्यो तिथं?"

मागे मनीषा खुदकन हसली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा अण्णांनी मला अरे-तुरे केलं होतं... त्या आनंदात पाय क्लचवरच राहिला, आणि मी पुन्हा बोलणी खाल्ली.