चौदाव्या दिवसाची चटणी

हौसाबरोबर मी शेवटचं काम केलं ते मिरच्यांची देठं खुडायचं. पाच किलो मिरची, अंथरलेलं पोतं, त्यावर आम्ही नवरा-बायको. मी त्याच हातानं डोळे पुसले आणि नाचायलाच लागलो!

"अवं, सत्तरी गाठली की! हात कुठं लावायचा एवढं तरी शिका!" पोट धरून हसत तिनं डोळ्यांवर दुधात भिजवलेली चिंधी ठेवली.

पहाटे बघतो, तर ती गार.

(डोळे सुजलेलेच होते. स्मशानात लोक म्हणाले, "म्हाताऱ्यानं लईच मनाला लावून घेतलंय." मनाला लागलंच होतं, डोळ्यांचं काम तेवढं मिरचीनं केलं.)

तेराव्यापर्यंत पोरगा, सुनील, हितंच होता. पुण्यात त्याचा फ्लॅट, त्यात दूध संपलं की सांगणारा फ्रिज. आमच्यात पातेलं उपडं केलं की कळतं! शिवाजी पेठेत दोन खोल्या, भाकरी-चटणी, संध्याकाळी कट्टा. हौसा म्हणायची, "आणि काय डोंबल लागतंय?" मलाबी काय लागत नव्हतं.

"आबा, चला पुण्याला."

"न्हाय येत. माझं मला भागवता येतंय."

"बरं. पण कॅमेरा बसवतो. एकदा जरी भानगड झाली, तर गाडीत घालून नेणार!"

स्वयंपाकघरात डबीएवढा कॅमेरा चिकटवून तो गेला.

चौदाव्या दिवशी मी तिची मिरची भाजायला काढली. तशीच टाकून कशी द्यायची? दारं-खिडक्या बंद केल्या (शेजाऱ्यांना ठसका नको, एवढी अक्कल होती!), कढई मोठी, जाळ त्याहून मोठा. घर धुरानं भरलं. आणि भिंत ओरडली, "आबा! आग! बाहेर पळा!"

"कोन हाय रे?"

"मी सुनील!"

"मग दारातनं ये की!"

त्यानं शेजारच्या दगडू पैलवानाला आणि आगीच्या बंबाला फोन केला. पैलवानानं लाथ घालून दार पाडलं (कडी नव्हतीच, ढकललं असतं तरी चाललं असतं!) आणि बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

"अरं, मी कुठं पेटलोय?"

"दुसरं काय दिसंनाच की, आबा!"

बंब बोळाच्या तोंडाशी अडकला. जवान खोकत आत आले, खोकत बाहेर गेले. पाठोपाठ पैलवानाची अख्खी तालीम खोकायला लागली. मिरची तेवढी शाबूत.

संध्याकाळी सुनील आला आणि माझी कापडं पिशवीत भरायला लागला.

"हट्ट पुरे, आबा. तिथं काय कमी आहे तुम्हाला?"

"हितं जे कमी पडलंय, ते तिथं हाय का?"

धोतर हातात धरून तो मटकन खाली बसला आणि आईच्या नावानं रडला. मी भिंतीकडं तोंड केलं. म्हणालो, "माझं काय अडत न्हाय. काय, किती लागतं, सगळं ठाऊक हाय मला. सकाळी मिरची कुटायच्या डंकावर चल. चटणी कुटून दाखवतो."

सकाळी डंकावर गेलो. डंकवाल्या बाईनं विचारलं, "तीळ किती? खोबरं? लसूण?"

मी सुनीलकडं बघितलं. सुनीलनं माझ्याकडं.

"आबा, पंचेचाळीस वर्सं खाल्लीसा न्हवं?" बाई म्हणाली.

"खाल्ली. विचारली न्हाय."

तिनं पदरानं नाक पुसलं. "बसा. हौसाक्काचं माप पाठ हाय मला."

"सांगा, मावशी," सुनील म्हणाला, "लिहून घेतो. पुढच्या वर्षी आबांना एकट्यालाच यायचंय."

एवढ्याशात आपलं भागतंय म्हणून मी आयुष्यभर पेठेत छाती काढून हिंडलो. ते एवढंसं म्हणजे किती, हे मात्र डंकवालीला विचारायला लागलं!