जास्तीच्या अकरा फेऱ्या

ताईचं काम नेमकं काय, हे तिच्या सख्ख्या भावालाही कधी नीट पटलं नाही. "पियानो वाजवणार दुसरा, आणि तू शेजारी बसून पानं उलटणार?" तो विचारायचा. "आमची पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी भराभरा पानं उलटतात, त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही ते." ताई म्हणायची, "माझ्यासाठी तरी कुठे वाजवतात?" आणि ते खरंच होतं. कार्यक्रम संपल्यावर जिची कोणाला आठवणही येत नाही, ती चांगली पान उलटणारी.

दिवसा ती संगीतशाळेच्या ग्रंथालयात कारकून होती. फाटक्या स्वरलिप्यांना चिकटपट्टी लावता लावता ती त्या वाचायलाही शिकली, आणि एकदा नेहमीचा माणूस आजारी पडला म्हणून तिला सभागृहात नेऊन बसवलं. तिथून ती हललीच नाही. बसायचं वादकाच्या डाव्या हाताला, जरा मागे. अंगठी नको, घड्याळ नको, अत्तर तर नकोच. पान संपत आलं की उठायचं, डाव्या हाताने वरचा कोपरा दोन बोटांत धरायचा आणि वादकाची मान हलायची वाट पाहायची. मान हलली की उलटायचं. दोन पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ती दुपारीच प्रत्येक कोपरा किंचित दुमडून ठेवायची. शिंक आली तर काय करायचं, हे मात्र तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते तिचं तिनेच जमवलं.

बसायची ती सरांसाठी. सर शाळेत पियानो शिकवायचे. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम दोन खोडरबर. बाकीचे वादक शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या, लोकांच्या कानात मुरलेल्या रचना वाजवून सुखाने घरी जायचे. सरांना मात्र हयात माणसांनी लिहिलेलंच वाजवायचं असे. त्यामुळे सभागृहात श्रोते मोजके, पण ताईच्या कानांवर काय काय पडलं म्हणता.

एक संगीतकार असा, की त्याच्या रचनेत बाराच्या बारा सूर सारख्या मानाचे. एकदा नंबर लागला की बाकीच्या अकरांचा लागेपर्यंत त्या सुराने रांगेत मुकाट उभं राहायचं. ताईला ही शिस्त आवडली होती, सूर काही लक्षात राहिले नाहीत. दुसऱ्याने पियानोच्या तारांमध्ये स्क्रू आणि रबराचे तुकडे खोचायला लावले. सरांच्या खिशातले दोन्ही खोडरबर त्या दिवशी कामाला आले, आणि पियानोतून फडताळातली भांडी हलावीत तसे आवाज निघाले. तिसऱ्याने सुटी पानं पाठवली, कोणत्याही क्रमाने वाजवा म्हणून. तेव्हा ताई रुसली होती. "मग मला कशाला बसवता, सर?" सर म्हणाले, "तुम्ही नसलात तर मला एकटं वाटतं हो."

आणि एक होत्या संगीतकार बाई. बारीक चणीच्या, करड्या आवाजाच्या. त्यांचं संगीत म्हणजे एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा, किती फेऱ्या ते वर आकड्यात लिहिलेलं, मध्येच एखादा सूर बदललेला. ऐकणाऱ्याला वाटावं काहीच घडत नाही, आणि घडत मात्र सगळं असायचं. या प्रकारात मोजणं हाच जीव. बाईंनी आपली नवी रचना पहिल्यांदा वाजवायला सरांकडे दिली, तेव्हा सर आठवडाभर जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजत चढले.

त्या कार्यक्रमाच्या महिनाभर आधी ताईची आई गेली होती.

आई घरी शाळांचे गणवेश शिवायची. खिडकीखाली पायाचं मशीन. एक लांब धाव, कापड वळवायला क्षणभर थांबा, पुन्हा धाव. ताईचे पाढे त्या आवाजावर पाठ झाले होते, तापातली झोपही त्यावरच लागली होती. आई गेल्यावर भावाने मशीन देऊन टाकलं. त्याचंही चुकलं नाही, त्याला ते बघवत नव्हतं.

रचनेच्या नवव्या पानाच्या तळाशी चोवीस फेऱ्यांची एक सुरावट होती. तालमी सरांनी घरी एकट्याने केल्या होत्या, त्यामुळे ताई ती पहिल्यांदाच ऐकत होती. लांब धाव, क्षणभर थांबा, पुन्हा धाव. ताई उठली, कोपरा दोन बोटांत धरला, आणि तिच्या पाठीमागे कुठेतरी खिडकीखाली मशीन चालू झालं.

चोविसाव्या फेरीला सरांची मान हलली. ताईने ती पाहिली. हे तिने पुढे कधी स्वतःपासूनही लपवलं नाही. तिला डुलकी लागली नव्हती, मोजणी चुकली नव्हती. पुढच्या पानावर ती सुरावट नव्हती, एवढंच तिला दिसत होतं. पान उलटलं की मशीन थांबणार होतं. तिने उलटलं नाही.

सरांचे दोन्ही हात गुंतलेले. त्यांनी पुन्हा तीच फेरी वाजवली, पुन्हा मान हलवली. मग वळून ताईकडे एकदा पाहिलं. त्यानंतर त्यांनी मान हलवली नाही, नुसते वाजवत राहिले. पस्तिसावी फेरी संपली तेव्हा ताई भानावर आली आणि तिने पान उलटलं. सभागृहात कोणाला काही कळलं नाही. चौथ्या रांगेत बसलेल्या बाईंना मात्र कळलं.

कार्यक्रमानंतर त्या पडद्यामागे आल्या. "अकरा फेऱ्या जास्तीच्या," त्या म्हणाल्या. "कोणाची चूक?"

ताईने तोंड उघडलं, पण त्याआधीच सर म्हणाले, "माझी. मोजताना घसरलो."

बाईंनी पुढची रचना दुसऱ्या वादकाला दिली. त्यापुढचीही. त्या रचना गाजल्या, तो वादक देशोदेशी जाऊन आला. सर शाळेत मुलांना बोटं वाकवायला शिकवत राहिले, आणि ताई त्यांच्या डावीकडे बसत राहिली. त्या दिवसाबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत. ताईनेच शंभरदा मनात वाक्य जुळवलं, 'सर, मी मान पाहिली होती,' आणि शंभरदा गिळलं. ते आपल्याला झोपाळू समजतात, आणि तरीही सांभाळून घेतात, असं तिला वाटायचं. खरं सांगितलं तर तेवढंही राहणार नाही, ही भीती होती.

मग टॅबलेट आले. पायाने पेडल दाबलं की पान आपोआप उलटतं. सरांनीही घेतला. ताईची खुर्ची कोठारात गेली, पुढे ताईही निवृत्त झाली. कोणाच्या घरी पुस्तक दिसलं की तिची बोटं अजून कोपऱ्याकडे जायची.

त्या कार्यक्रमानंतर बाविसाव्या वर्षी सरांचा फोन आला. "ताई, रविवारी संध्याकाळी शेवटचं वाजवतोय. बाईंचीच रचना. त्या असत्या तर दिली नसती म्हणा. टॅबलेट नको वाटतो, कागद काढलेत. येता का?"

ती दोन तास आधीच पोचली. सर पियानोपाशी एकटेच होते, आणखी वाळलेले. ताईने मन घट्ट केलं. "सर, त्या दिवशी माझी..."

"चष्मा आणलात ना?" सर म्हणाले. "मग झालं. बसा."

तेच कागद होते. कोपऱ्यांवर तिच्याच दुमडी होत्या. तिने खुर्ची नेहमीच्या जागी सरकवली. सांगायचं पुन्हा राहूनच गेलं, आणि आता सांगायला दुसरा दिवस उरला नव्हता.

नववं पान आलं. ती उठली, कोपरा धरला, आणि या वेळी डोळ्यांत तेल घालून मोजू लागली. बावीस. तेवीस. चोवीस.

सरांची मान हलली नाही.

पंचवीस. तिला वाटलं, म्हातारपणी मोजणी गेली. ती उलटणार होती, इतक्यात सरांनी वळून तिच्याकडे पाहिलं, अगदी त्या दिवशी पाहिलं होतं तसंच, आणि किंचित हसले. सव्वीस. सत्तावीस. लांब धाव, क्षणभर थांबा, पुन्हा धाव. ताईला सगळं एकदमच कळलं. त्या दिवशी त्यांनी तिचा ओला चेहरा पाहिला होता, म्हणूनच मान हलवायची थांबवली होती. चूक नुसती तिची नव्हतीच. अकरापैकी निम्म्याहून जास्त फेऱ्या त्यांनी आपणहून दिल्या होत्या.

खिडकीखाली आई शिवत होती. ताईने डोळे पुसले नाहीत, हात कोपऱ्यावर होता.

पस्तिसावी फेरी संपत आली तेव्हा सरांनी मान हलवली, आणि तिने पान उलटलं.